कोर्टासाठी उपसलेली विहीर

शालू, तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. कोर्टाच्या बार रूममधे बाकीचे वकील बोलले, चांगलं बोलले, पण एकानं तुला 'पर्यावरणाची रणरागिणी' म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. ट्रॅफिकमधे हॉर्न वाजवायला लाजणारी तू, रणरागिणी? मी उठून बाहेर आले. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, मंगलताईंना फार लागलंय, त्यांना बोलवणार नाही. बोलवत होतं वं मला, चांगलं भरपूर बोलवत होतं. पण मला जे बोलायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर बोलत नाहीत. मला तुझ्याशी भांडायचं होतं.

तुझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी प्रताप नगरला घरी कणीक मळत होते. तो म्हणाला, ताई गेली. मी म्हटलं, कुठं गेली, कोर्टात? आज तर सुट्टी आहे. तो रडायला लागला तरी माझ्या डोक्यात शिरेना. मी त्या बिचाऱ्याला म्हटलं, तिला दे फोन, मी बोलते तिच्याशी. मग तसेच पिठाचे हात घेऊन सक्करदऱ्याला तुझ्या घरी आले. चष्मा उशाशी होता तुझा. सकाळी छातीत दुखतं म्हणालीस, पाणी मागितलंस, आणि तो पाणी घेऊन येईस्तोवर सगळं संपलं होतं म्हणे. इतक्या वर्षांत तुला एक साधं प्रकरण आटोपतं घेता आलं नाही, चार ओळींचा अर्ज तू चार पानं लिहायचीस, आणि हे मात्र एवढं झटपट आटोपलंस. मी रागावले आहे तुझ्यावर. रडून झालं की परत राग येतो, राग ओसरला की परत रडू येतं, असं चालू आहे सध्या.

रविवारी दुपारी तुझ्याकडे जेवून आपण तुझे ते वकिलांचे पिक्चर बघायचो. म्हणजे तू बघायचीस, मी सोफ्यावर घोरायचे. कुठल्या का देशातले असेनात, गोष्ट तीच. केमिकलची मोठी कंपनी, गावाचं नासलेलं पाणी, एकटा पडलेला वकील, घरचे त्याच्यावर वैतागलेले, आणि शेवटी कोर्टाच्या पायऱ्यांवर लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात. तूही रडायचीस. मी म्हणायचे, काहून पाहते वं तू हे, दिवसभर तेच करून पोट नाही भरत का तुह्यं? त्या पिक्चरमधला वकील मनसोक्त बोलतो आणि जज ऐकून घेतात. आपण उभं राहून गळा साफ करेपर्यंत पुढची तारीख पडलेली असते. तू ओढणीनं चष्मा पुसत म्हणायचीस, निकालासाठी नाही पाहत मी, कंपनीनं लपवलेलं सापडते ना, तेवढा एक सीन पाहाचा राहते मले.

आपल्या प्रकरणात मात्र कंपनीला काही लपवावंच लागलं नव्हतं. तिचं काम आपल्याच लोकांनी, हौसेनं, घाम गाळून करून दिलं होतं.

त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. प्रकरण चालू आहे, आणि तू असतीस तर पहिलं हेच बजावलं असतंस. पण तुझं ते लाडकं गाव. तू दर पंधरवड्याला स्कूटी दामटत जायचीस, उन्हात काळी होऊन यायचीस आणि येताना पिशवीत वांगी नाही तर तुरीची डाळ असायची, कौसाबाईनं दिलेली. कौसाबाई आपल्या दाव्यातली पहिली वादी, दाव्यावर सगळ्यात आधी अंगठा तिचा. तिच्या घरासमोरच गावाची विहीर. वरच्या अंगाला कंपनी आली, तिचं सांडपाणी नाल्यात सुटायला लागलं, आणि हळूहळू विहिरीचं पाणी पिवळं झालं. त्या पाण्यात भात शिजवला तर पिवळा व्हायचा, सणासुदीला साखरभात केल्यासारखा. कौसाबाईच्या सुनेच्या हाताची सालं निघायची. मग पंचायतीनं टँकर सुरू केला. टँकर सिमेंटच्या टाकीत पाणी सोडायचा आणि बाया रांगेनं भरून न्यायच्या. विहीर तशीच पडून राहिली.

आपल्या कोर्टात इतर वकील पक्षकाराला काय सांगतात, तुला ठाऊक आहे. चाललंय, चांगलं चाललंय, तुम्ही काळजी करू नका. तू तसलं कधी केलं नाहीस. कोर्टात इंग्रजीत जे झालं ते सगळं तू बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून पक्षकाराला त्याच्या भाषेत सांगायचीस, शब्द न् शब्द, आपल्या बाजूचं आणि समोरच्या बाजूचंही. मी म्हणायचे, कशाले एवढं, त्याहिले समजते का? तू म्हणायचीस, केस त्यांची आहे, आपली नाही. यावरून मी तुझी कितीदा टिंगल केली. आणि मनातून मला किती बरं वाटायचं, ते तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते. तुझ्यामुळे मला या धंद्याची लाज वाटली नाही कधी.

पण त्या दिवशीही तू तेच केलंस. कंपनीचे वकीलसाहेब उभे राहून म्हणाले, विहीर कंपनीनं नाही, गावकऱ्यांनी घाण केली. हे लोक तिथे जनावरं धुतात, कचरा टाकतात, स्वच्छतेची यांना सवय नाही, मग पाणी कसं राहणार? कौसाबाई मागच्या बाकावर नऊवारी आवरून बसली होती. आपण बाहेर आलो, तिनं विचारलं, ताई, तो लंबा वकील काय म्हणून राहिला होता? आणि तू सांगितलंस. सगळं सांगितलंस, 'सवय नाही' हेसुद्धा. कौसाबाईनं ऐकून घेतलं. पदरानं तोंड पुसलं तिनं.

मग कोर्टानं कमिशनर नेमला. जागेवर जाऊन, दोन्ही बाजूंच्या देखत विहिरीतलं पाणी घ्यायचं, बाटल्यांना लाखेचं सील करायचं आणि सरकारी प्रयोगशाळेत पाठवायच्या. तुझा आनंद मला अजून दिसतो. आदल्या दिवशी तू सारखी म्हणत होतीस, आता बोलायची गरजच नाही, पाणीच बोलेल. गाडीत तू गुणगुणत होतीस. मी म्हटलं, बेसूर आहे तू, गप बस.

विहिरीवर जाऊन आपण वाकून पाहिलं. तळ दिसत होता. पाणी काचेसारखं. कठड्याला नवा चुना, भोवताली सडा, वर रांगोळी. दोरीला नवी कोरी बादली. तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे. कंपनीचे वकीलसाहेब रुमालानं घाम पुसत होते आणि त्यांचं हसू काही त्यांना आवरत नव्हतं. कमिशनर भला माणूस, पोक्त, नियमानं चालणारा. त्यांनी पाणी काढलं, बाटल्या भरल्या, लाख वितळवली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आपणही केल्या. काय म्हणून नाही करणार? डोळ्यांदेखत त्याच विहिरीतलं पाणी काढलं होतं.

मग कौसाबाईच्या ओसरीवर सगळ्यांना पोहे दिले. मी आत चुलीपाशी गेले आणि हळूच विचारलं, कौसाबाई, विहिरीचं काय केलं तुम्ही? तिचा चेहरा असा खुलला की काय सांगू. म्हणाली, दोन दिवस सारं गाव उपसून राहिलं होतं ताई, इंजिन लावून सारं पाणी काढलं, गाळ काढला, गड्यांनी आत उतरून दगड घासले. रिकामी विहीर कशी दाखवायची, म्हणून टँकरवाल्याला सांगून टाकीऐवजी विहिरीतच पाणी सोडायला लावलं. म्हणजे गावाचं प्यायचं पाणी. दोन दिवस लोकांनी घोटघोट पाणी पिऊन काढले होते. मी विचारलं, पण काहून? तेव्हा ती जे म्हणाली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"तो वकील म्हणे ना, आमाले साफ राहाची सवय नाही म्हून. म्हटलं, या, पाहा. कोर्टाचे लोक आमच्या दारी येऊन राहिले, त्याहिले घाण कशी दाखवाव वं ताई?"

मी ओसरीवर आले. कमिशनर पोह्यांची तारीफ करत होते. मी तुझ्या कानात सांगितलं. तुझ्या हातातला चमचा तसाच राहिला. मी कमिशनरांकडे जायला उठले, आणि तू माझा हात धरलास. चांगला घट्ट धरलास. "बस," म्हणालीस. एवढंच. आणि मी बसले.

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि संपलंच नाही. मी म्हणायचे, तिथंच, त्या क्षणाला सांगायला हवं होतं. इंजिनचा पाइप तिथंच पडलेला, टँकरच्या चाकोऱ्या ओल्या होत्या, गाळाचा ढीग मागं दिसत होता. कमिशनर स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकत होते. तेव्हा सांगितलं असतं तर ती हकिकत झाली असती, आता सांगितलं तर ती सबब होईल. तू म्हणायचीस, आणि कमिशनरनं रिपोर्टात काय लिहिलं असतं? वादींनी विहिरीत ढवळाढवळ केली, हेच ना? मग कंपनी म्हणाली असती, ज्यांनी आज साफ केली त्यांनीच काल घाण केली. दाव्यासाठी आपण आधी तपासून घेतलेल्या पाण्याच्या सगळ्या बाटल्या कौसाबाईनं स्वतः भरून दिल्या होत्या, त्यांना कोणी विचारलं असतं मग? ती पिंजऱ्यात उभी राहिली असती आणि त्या वकिलानं तिचे धिंडवडे काढले असते. मी म्हणायचे, केस तर गेलीच ना तरी? तू म्हणायचीस, केस गेली, बाई राहिली.

आणि मग कोणीतरी चेंबरच्या दारातून डोकं घालायचं, किंवा पुकारा व्हायचा, आणि तू फायली छातीशी धरून निघून जायचीस. अर्ध्या भांडणातून उठून जायची तुझी खोड कॉलेजपासूनची. आता तर तू हद्द केलीस.

रिपोर्ट आला. पाणी पिण्यायोग्य. अर्थात पिण्यायोग्य, प्यायचंच होतं ते. दुसऱ्यांदा नमुना घ्या म्हणून तू अर्ज केलास, पावसाळ्यानंतरचं पाणी होतं, असलं काहीबाही कारण देऊन. खरं कारण लिहिलं नाहीस. अर्ज फेटाळला, मग दावाही फेटाळला. तू वरच्या कोर्टात अपील केलंस. आणि कौसाबाईनं विचारलं की ताई, आपण हरलो कसे, तेव्हा तू तिला काय सांगितलंस? म्हणालीस, मोठ्या लोकांच्या हातात असते सारं, आपण पुन्हा लढू. शब्द न् शब्द सांगणारी तू. सबंध वकिलीत तू एकच गोष्ट पक्षकारापासून लपवलीस, आणि ती ही.

मी त्यावरूनही तुला छळलं. सांग तिला, म्हटलं, तिची केस आहे, तुझी नाही, तुझंच वाक्य आहे ना? तू चष्मा काढून डोळे चोळत बसायचीस. एकदाच बोललीस. म्हणालीस, तो वकील काय म्हणून राहिला होता हे मीच तर सांगितलं होतं तिले, मंगे. मी नसतं सांगितलं तर तिनं काहून उपसली असती विहीर? तू कितीतरी दिवस हे एकटीच घेऊन हिंडत होतीस, हे मला त्या दिवशी कळलं. मी उठून तुझ्याजवळ यायला हवं होतं, नाही का? पण आपली तशी पद्धत नव्हती. मी म्हटलं, चहा सांगू का, आणि तू म्हणालीस, सांग.

तुझ्या पुण्यानुमोदनाला, तुमच्या बौद्ध रीतीच्या दिवसकार्याला, कौसाबाई आली होती. पांढरं लुगडं, हातात पांढरी फुलं, बस बदलत आलेली. तिचं गाव वेगळ्या समाजाचं, त्यांचे देव वेगळे, पण ती तुमच्या बायांमधे जाऊन बसली आणि वंदना झाली तेव्हा सगळ्यांच्या बरोबरीनं हात जोडले तिनं. जेवली नाही. मला म्हणाली, केस आता कोण चालवन? मी म्हटलं, मी. तुझ्या भावाकडून फायलींचे गठ्ठे आणले आणि वकीलपत्र लावलं.

मी ठरवून टाकलं होतं, शालू. तुला आवडो न आवडो, मी वरच्या कोर्टात उभी राहून सगळं सांगणार होते, विहीर, इंजिन, टँकर, पोहे, सगळं. मनात पाठ केलं होतं. भीतीही वाटत होती. तुझ्या माघारी तुझ्याविरुद्ध जाणं सोपं नसतं, निदान तू समोरून डोळे तरी वटारले असतेस. पुकारा झाला, मी उभी राहिले. न्यायमूर्तींनी फाइल चाळली, तुझं नाव पाहिलं, दोन शब्द तुझ्याबद्दल चांगले बोलले. मग कंपनीच्या वकिलांना विचारलं, इतका काळ गेलाय, पुन्हा एकदा नमुना घ्यायला तुमची हरकत आहे का? ते म्हणाले, मुळीच नाही. का असेल हरकत? मागचं पाणी पिण्यायोग्य निघालं होतं. झालं. आदेश. पुढचं प्रकरण.

मी तोंड उघडलंच नाही. जे मागून मागून तू झिजलीस, ते पोळीवर तूप वाढावं तसं मिळालं, आणि तू नव्हतीस. मी बाहेर येऊन तुझ्या त्या बाकावर बसले आणि हमसून रडले. लोक बघत होते, बघू देत म्हटलं.

मग कौसाबाईला फोन केला. म्हटलं, बातमी चांगली आहे, पुन्हा पाणी न्यायला येणार आहेत. तिला इतका आनंद झाला की ती सुनेला हाका मारायला लागली. मग मला म्हणाली, शालूताईचं पुण्य आहे हे. आम्ही उद्यापासूनच विहीर उपसाले घेतो. या खेपेले आतूनही चुना मारतो, तिच्या नावानं.

काय करू सांग मी? तू हेच मागं ठेवून गेलीस माझ्यासाठी. तुझी सगळी दया, तुझा सगळा चांगुलपणा फिरून परत त्याच विहिरीवर येऊन उभा राहिला होता, इंजिन घेऊन. मी म्हटलं, कौसाबाई, जरा बसा, ऐका माझं. आणि मी सांगितलं. विहिरीला हात लावू नका. मागच्या वेळी तुम्ही टँकरचं पाणी सोडलं, तेच बाटलीत गेलं, तेच तपासलं, म्हणून आपण हरलो. जमेल तेवढं हळू सांगितलं, पण असलं काही हळू सांगता येत नाही.

मी हॅलो हॅलो करत राहिले. मग म्हणाली, म्हंजे आता घाणच दाखवाव लागन? मी हो म्हटलं. म्हणाली, लाज वाटते वं ताई. मी तिची वकील आहे आणि तिला हेच सांगत होते की तुझी घाण मांड चारचौघांत, त्याशिवाय कोणी विश्वास ठेवणार नाही. हे कुठल्या तोंडानं समजावायचं ते तुला ठाऊक असतं, मला नाही.

मग तिनं विचारलं, शालूताईले हे माहीत होतं? मी म्हटलं, त्याच दिवशी कळलं होतं तिला. कौसाबाई म्हणाली, माह्या घरी येत राहिली, माह्या हातचं जेवत राहिली, एका शब्दानं बोलली नाही मले. तिचा आवाज फाटला. मी फोन ठेवणार होते, म्हटलं उद्या येते गावाला, समोर बसून बोलू. तर ती म्हणाली,

"ताई, एक सांगजा खरं. या घोरानंच गेली का शालूताई? माह्यामुळं?"

मी म्हटलं, नाही हो कौसाबाई. भलतंच काय घेऊन बसता? तिला छातीचं जुनं दुखणं होतं, डॉक्टरांनी कधीचं सांगून ठेवलं होतं, आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एका दमात बोलून गेले. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. तिनं खरं मानलं की नाही, मला कळलं नाही.

तुला कसलंही दुखणं नव्हतं, शालू. डॉक्टरकडे तू कधी गेलीच नाहीस. कौसाबाईनं विचारलं त्याचं खरं उत्तर काय, ते मलाही माहीत नाही, आणि तुला आता विचारता येत नाही. खरं सांग, खरं सांग म्हणून मी तुला इतकी वर्षं छळलं, आणि माझी वेळ आली तेव्हा मला खोटं बोलायला क्षणही लागला नाही.